फ्रान्समधला तो फर्न 'नवी प्रजाती' नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या संकरित फर्नवर छोटी चौकट आली होती, ती वाचून मला खरंच आनंद झाला. शाळेत इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी पोरांना हेच पटवण्यात गेली की फूल येत नाही म्हणून झाड काही कमी दर्जाचं होत नाही. पण चौकटीत दोन गोष्टी चुकल्यात आणि त्या मनातून जाईनात म्हणून लिहायला बसले. पहिली म्हणजे फोटो. तो त्या फर्नचा नाहीच, आपण बाल्कनीत कुंडीत टांगतो तो बोस्टन फर्न आहे. दुसरी म्हणजे त्याला सरळ 'नवी प्रजाती' (म्हणजे नवी जात) म्हटलंय. तो नवी प्रजाती नाही, संकर आहे, आणि खरी मजा तिथेच आहे.

हा फर्न (आपल्याकडे नेचा म्हणतात, हा शब्द वापरला तर छान वाटेल) फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरात जंगलात जमिनीवर उगवलेला सापडला, फिकट हिरव्या पानांचा, आणि पुढे नर्सरीत पोचला. त्याचं शास्त्रीय नाव सिस्टोकार्पियम रॉस्कामियानम, आणि नावाच्या आधी गुणिलेचं चिन्ह असतं, ते चिन्हच सांगतं की हा संकर आहे. नाव दिलं फ्रेझर-जेन्किन्स यांनी, हे तेच संशोधक ज्यांनी भारतातल्या नेच्यांवर कितीतरी वर्षं काम केलंय. मग कार्ल रॉथफेल्स, ड्यूक विद्यापीठातल्या कॅथलीन प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांमधून डीएनए काढून तपासला आणि २०१५ मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या शोधपत्रिकेत छापलं की याच्या आईबापाच्या वाटा साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या. सहा कोटी! म्हणजे डायनोसॉर संपले त्यानंतर थोड्याच काळाने.

आईबाप कोण, तर एक ओक फर्न नावाचा नेचा आणि दुसरा सिस्टोप्टेरिस फ्रॅजिलिस नावाच्या नेच्याच्या गटातला, जो दगडांच्या फटीत वाढतो आणि आपल्या हिमालयातही आहे. या दोघांची फक्त जात वेगळी नाही, अख्खी प्रजातीच वेगळी आहे (इथे प्रजाती म्हणजे पुस्तकी अर्थाने जीनस, जवळच्या जातींचा गट). वर्गात मी आंबा-काजूचं उदाहरण द्यायचे, कूळ एकच पण प्रजाती वेगळ्या, आता कल्पना करा की काजूच्या फुलातून आंब्याचं पोर झालं तर कसं वाटेल. संशोधकांनी तर माणूस आणि लेमूर (माकडांचा लांबचा नातलग) यांचं मूल व्हावं अशी तुलना दिली होती. झाडावरच्या बेडकांमध्ये ३ कोटी ४० लाख आणि सनफिश माशांमध्ये जवळपास ४ कोटी वर्षांच्या अंतरानंतरचे संकर माहीत होते, हा त्यांच्याही पुढे गेला. हंगेरीत २०२० मध्ये स्टर्जन आणि पॅडलफिश या माशांचा संकर झाल्याचं छापून आलं, तिथे अंतर १८ कोटी वर्षांच्या वर आहे, पण ते प्रयोगशाळेत माणसाच्या हातून झालं. हा नेचा जंगलात आपला आपण झाला.

चौकटीत याला 'निसर्गाचा चमत्कार' म्हणून सोडून दिलंय. चमत्कार म्हटलं की कारण सांगायची गरजच उरत नाही, आणि इथे तर कारणच सगळ्यात सुंदर आहे. फुलझाडांमध्ये मधमाशी, फुलपाखरू, वटवाघूळ मध्ये येतं, फुलाचा रंग-वास-आकार बदलला की येणारा पाहुणा बदलतो आणि दोन जाती भराभर एकमेकींपासून तुटतात. नेच्यांना हा मध्यस्थच नाही. पानामागचे बीजाणू वाऱ्याने उडतात, ओल्या जागी पडून त्यातून नखाएवढा, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो, आणि त्या पापुद्र्यावर पाण्याचा थेंब साचला की त्यातून पुंबीज (नराची पेशी) पोहत अंड्याकडे जातं. बस, पाणी पाहिजे. दोन जातींचे पापुद्रे शेजारी शेजारी असले आणि पाऊस पडला तर गाठ पडू शकते. त्यामुळे नेच्यांमध्ये जातींमधल्या भिंती फार हळू उभ्या राहतात असं या संशोधकांचं म्हणणं आहे, आणि नेचे इतके जुने असूनही त्यांच्या जाती दहा-बारा हजारच का आणि फुलझाडांच्या तीन लाखांच्या आसपास का, याचं एक उत्तर तिथे असू शकतं. मला हे पटतं.

हा पापुद्रा बघायला पिरेनीजला जायला नको. आमच्या वाईत जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या विहिरीच्या दगडांवर शेवाळाच्या बाजूला बसून भिंग लावलं की दिसतो, कडेला खाच असलेला, अगदी पातळ, आरपार उजेड दिसेल इतका. मी एकदा सातवीच्या वर्गाला ओळीने बसवून दाखवला होता, एक मुलगी म्हणाली बाई हे तर शेवाळच आहे, मग तिलाच एका पापुद्र्यातून इवलंसं गुंडाळलेलं पान वर येताना दिसलं आणि ती कितीतरी वेळ भिंग सोडेना. पसरणीच्या घाटात चंदेरी नेच्याचं पान हातावर दाबून पांढरा छाप उठवायचा खेळ तर आमच्याकडच्या प्रत्येक पोराने केलेला असतो, ती पांढरी पूड पानाच्या मागच्या बाजूलाच असते.

'नवी प्रजाती' का म्हणू नये तेही सांगते. हा नेचा वांझ आहे. ओक फर्नच्या बाजूला गुणसूत्रांचा मूळ आकडा ४० आणि दुसऱ्या बाजूला ४२, जोड्या जुळत नाहीत, त्यामुळे बीजाणू नीट बनत नाहीत. तो टिकून आहे तो जमिनीखाली सरपटणाऱ्या खोडावर, त्या खोडाचा तुकडा पुढे वाढतो आणि तेच झाड पुन्हा उगवतं. सगळेच संकर असे अडकतात असं मात्र नाही, त्याचा पालक असलेला ओक फर्न स्वतःच मुळात दोन जातींच्या संकरातून झालाय, फक्त त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली आणि जोड्या जुळल्या म्हणून तो स्वतंत्र जात होऊन बसला.

तर एकच विनंती, येत्या पुरवणीत दुरुस्ती द्या आणि फोटो बदला. आणि नवा फोटो पानाच्या मागच्या बाजूचा छापा. ओक फर्नच्या पानामागचे बीजाणूंचे ठिपके उघडे असतात आणि सिस्टोप्टेरिसच्या ठिपक्यांवर बारीकशी टोपी असते, दोन्ही शेजारी शेजारी छापले तर सातवीतलं पोरही फरक ओळखेल.

आपली वाचक,
निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, वाई