काहिलीजवळ पाण्याचा नळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर जिल्ह्यातील गुऱ्हाळे पेटतात, काहिलीत म्हणजे मोठ्या उथळ कढईत उसाचा रस उकळू लागतो आणि हातापायांवर पाक उडालेले कामगार सरकारी दवाखान्यात येऊ लागतात. परिचारिका म्हणून नोकरी करताना मला सतत खटकत आले ते हे, की यांतील अनेकांच्या भाजलेल्या जागेवर हळद, टूथपेस्ट किंवा चुन्याची निवळी घालून घोटलेले खोबरेल तेल थापलेले असे. पाणी मात्र क्वचितच कोणी ओतलेले असे. रसाची मळी काढण्यासाठी गुऱ्हाळावर चुना असतोच, त्यामुळे हात आधी तिकडे जातो.

उतरायला आलेला पाक उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि पाण्यासारखा निथळून न जाता कातडीला धरून बसतो. शिंतोडा रुपयाएवढा असला तरी तो निवेपर्यंत खालची कातडी भाजतच राहते, आणि घाईने तो खरवडायला गेल्यास कातडीही सोबत सोलली जाते. वाहत्या पाण्याखाली हात धरला तर उष्णता निघून जाते आणि गूळ विरघळून आपोआप सुटतो. हे पाणी साधे गार असावे आणि ते सलग 20 मिनिटे सोडावे. लगेच जमले नसेल तर भाजल्यापासून तीन तासांपर्यंतही त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये, त्याने कातडीला आणखी इजा होते. सूज चढण्याआधी अंगठी, बांगडी, मनगटावरचा दोरा काढून घ्यावा. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. फोड आला तर तो फोडू नये. नंतर स्वच्छ, ओलसर सुती कापड सैल झाकावे, आणि पंजा भाजला असेल तर कोरी प्लॅस्टिकची पिशवी चढवली तरी चालते.

खरी अडचण त्या 20 मिनिटांची आहे. आधण, म्हणजे काहिलीत शिजलेला पाक, उतरवायची वेळ टळली तर गूळ काळा पडतो, आणि तो पाक निवण्यासाठी वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतताना शिंतोडे उडतात ती घटकाही नेमकी हीच असते. अशा वेळी गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, किंवा त्याचा साथीदार हात झटकतो, धोतराला पुसतो आणि कामाला लागतो, कारण त्याची जागा घ्यायला दुसरे कोणी उभे नसते. त्याला निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आधण उतरताना एक जास्तीचा माणूस हाताशी ठेवणे आणि भाजलेल्याला कोणी न रागावता पाण्याखाली उभे राहू देणे, ही जबाबदारी गुऱ्हाळमालकाची आहे.

1948 च्या कारखाना अधिनियमाने दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळण्यासाठी प्रशिक्षित माणूस, अशी अट घातली होती. शेताच्या बांधावर, हंगामापुरत्या चालणाऱ्या आणि मोजक्या माणसांच्या गुऱ्हाळांत मात्र अशी पेटी मी फारशी पाहिलेली नाही. पेटी जरूर असावी, पण त्याआधी काहिलीपासून चार पावलांवर पिण्यायोग्य पाण्याचा नळ किंवा तोटी लावलेली टाकी असावी. उसाच्या रसाने बरबटलेल्या बादलीत हात बुचकळण्याने हे काम होत नाही.

घरगुती उपचारावर कोठे थांबू नये, हेही कामगारांना माहीत असले पाहिजे. भाजलेली जागा स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, पंजा, सांधा किंवा जननेंद्रिय भाजले असेल, कातडी पांढरी अथवा काळी पडून बधिर झाली असेल, किंवा रोग्याला मधुमेह असेल, तर पाणी ओतून झाल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दलही तेथे विचारावे.

गुळाचे सौदे बाजार समितीत होतात, त्यामुळे प्रत्येक गुऱ्हाळमालकाशी तिचा संबंध येतो. समितीने आरोग्य विभागाच्या मदतीने हंगामाच्या सुरुवातीलाच या सूचनांचा ठळक अक्षरांतील फलक प्रत्येक गुऱ्हाळावर लावून घ्यावा, आणि काही कामगार परप्रांतीय असल्यामुळे तो मराठीबरोबर हिंदीतही असावा, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, करवीर तालुका