एफएमटू घेऊ का डिजिटल, विचारलंस म्हणून

प्रिय पम्या,

तुझा आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला मर्दा, तेवढ्यात एचपीफाइव्ह या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा एक रोल डेव्हलप झाला असता. फोनवर उत्तर दिलं तर भांडणंच होणार, म्हणून सविस्तर टाइप करायलोय.

चोरबाजारातला निकॉन एफएमटू हा जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा का डिजिटल, एवढाच प्रश्न ना? आधी डिजिटल घे. आणि "फिल्म हीच खरी फोटोग्राफी" वगैरे मला ऐकवू नकोस, डिजिटल कॅमेरा १९७५ ला कोडॅकच्याच एका इंजिनिअरनं बनवला, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. म्हणजे फिल्म विकून पोट भरणाऱ्यांच्याच घरात ते जन्मलंय.

तू काय काढणार ते बघ की. तालमीत पैलवान डाव टाकतो तेव्हा १/५०० सेकंद तरी शटर स्पीड लागतो, आत उजेड म्हणजे वरचा झरोका आणि एखादी ट्यूब. ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे उजेड किती पटकन पकडतो तो आकडा) रोल १६०० ला पुश केलास, म्हणजे १६०० चा समजून काढून जास्त वेळ धुतलास, तरी सावल्या काळ्या ठिक्कर, हौदातली माती कुठली आणि पैलवानाची मांडी कुठली ते कळत नाही. डिजिटलला ६४०० आयएसओ लावायचा आणि निवांत काढत बसायचं.

जोतिबाला मात्र उलटं. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर दुपारी सासनकाठ्या नाचायला लागल्या की हवेत नुसता गुलाल, आणि डिजिटल सेन्सरचा रेड चॅनल, म्हणजे लाल रंगाचा भाग, सगळ्यात आधी भरतो, मग गुलालाचा पोत जाऊन एक सपाट गुलाबी डाग राहतो. वर साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, सगळं ठीक आहे म्हणून सांगतो! तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावून उजेड एक स्टॉप कमीच, म्हणजे निम्माच ठेवायचा. कलर निगेटिव्हला एखादा स्टॉप जास्त उजेड पडला तरी ती सांभाळून घेते, कण न् कण दिसतो राव. आणि तिथं लेन्स बदलायची नाही, गुलाल सेन्सरवर बसला तर पुढच्या सगळ्या फोटोंत ठिपके. फिल्मला दर फ्रेमला कोरी जागा मिळते, हा फायदा कुणी बोलत नाही.

पण कलर रोलचं गणित बघ. रोल, डेव्हलपिंग, स्कॅन आणि कुरिअर धरून एका क्लिकला चाळीसेक रुपये जातात. म्हणून फिल्म घेतलीस तर ब्लॅक अँड व्हाइटच, घरी धुवायची. डी-७६ डेव्हलपर घे, एचपीफाइव्हला २० डिग्रीला साडेसात मिनिटं. आपल्याकडं एप्रिलमध्ये नळाचंच पाणी गरम येतं, तेव्हा बादलीत बर्फ टाकून बाटल्या त्यात उभ्या करायच्या. आई ओरडते, फ्रीजमधला बर्फ संपवतो म्हणून. कलरला ३८ डिग्री सांभाळायची, त्या भानगडीत तू पडू नकोस.

आता खरी गोष्ट. बॉडीपेक्षा लेन्सचा विचार कर. निकॉनची ५० एमएमची एएफ-डी प्रकारची लेन्स घे, तिला अ‍ॅपर्चर रिंग (उजेडाचं भोक लहान-मोठं करायची कडी) असते, ती एफएमटूवर पण चालते आणि निकॉनच्या डी७५० किंवा डी७००० या डिजिटल बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. डी३००० नाहीतर डी५००० सिरीजच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, तिथं हातानं फोकस करत बसशील. ‘जी’ प्रकारच्या लेन्सला रिंगच नाही, ती एफएमटूवर बारीक अ‍ॅपर्चरलाच अडकून पडते. म्हणजे लेन्स एकच, आधी सेकंडहँड डिजिटल, एफएमटू नंतर पैसे साठले की.

तरी आत्ताच घ्यायचा हट्ट असेल तर घे, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला, त्या गावचा तू, तुला कोण अडवणार. फक्त मागचं झाकण उघडून एक सेकंदाचा शटर बघ, अडखळत असेल तर सोड. झाकणाच्या कडेचा, उजेड अडवणारा काळा फोम चिकट झालेला असतो, तो बदलता येतो, त्यावरनं भाव पाड. शटर बॅटरीशिवाय चालतो पण उजेड मोजणारा मीटर नाही, सेल खिशात घेऊन जा. आणि पैसे द्यायच्या आधी लेन्सचा फोटो मला पाठव, रिंग आहे का बघतो.

तुझा,
बाळ्या