चार हजार आठशे रुपयांना लेखाशीर्ष मिळेल का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अर्थसंकल्पाची चर्चा सुरू होते आणि आपल्या अंकात इमारती, वसतिगृहे, संगणक यांचे आकडे येऊ लागतात. पुण्यातल्या एका कॉलेजच्या लेखा विभागात तीस वर्षे काढल्यामुळे ते आकडे मी अजूनही ओळ न् ओळ वाचतो. विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी स्वतः सुचवलेल्या, मुलांना शिक्षणात टिकवून धरणाऱ्या छोट्या कामांसाठी थेट अनुदान, अशी एक ओळ त्यात असावी असे मला फार वाटते. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तृतीय वर्ष बी.कॉम.चा एक मुलगा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आला. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातला. आमच्याकडे बारावीपर्यंत मराठीतून वाणिज्य शिकलेली बरीच मुले येत. त्यांना तेरीज पत्रक करता येते, घसारा काढता येतो, ताळेबंद जुळवता येतो. पण कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ट्रायल बॅलन्स आणि डिप्रिसिएशन उमटते आणि आपल्याला यातले काहीच येत नाही, अशी त्यांची समजूत होते. येत सगळे असते, फक्त शब्द अनोळखी असतो. मग पहिल्याच परीक्षेत विषय राहतो, आणि दिवाळीला गावी गेलेला एखादा मुलगा परत येतच नाही.

या मुलाचेही पहिल्या वर्षी हेच झाले होते. तो तगला. आता त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना रोज संध्याकाळी साडेपाचनंतर एका खोलीत पहिल्या वर्षाच्या मुलांचा अभ्यास घ्यायचा होता. त्याने दोन कार्डशीट जोडून केलेला तक्ता माझ्यासमोर उलगडला. डावीकडे निळ्या स्केचपेनने इंग्रजी, उजवीकडे लाल अक्षरांत मराठी. जर्नल, किर्द. लेजर, खतावणी. डेबिट, नावे. गुडविलपुढे त्याने पेन्सिलीने ‘नावलौकिक’ लिहून प्रश्नचिन्ह काढले होते. “सर, बरोबर आहे का?” मी हो म्हटल्यावर त्याने माझ्याच टेबलावर वाकून ते लाल पेनने पक्के केले.

अर्ज चार हजार आठशे रुपयांचा होता. झेरॉक्स, जादा थांबणाऱ्या शिपायाचा भत्ता, आणि चहा-बिस्किटे, कारण सकाळी मेसमध्ये जेवलेली मुले संध्याकाळपर्यंत उपाशी असत. त्यावर मी शेरा मारला, ‘सदर खर्चासाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही.’ म्हणजे असा खर्च टाकायला हिशेबात रकानाच नव्हता. नियमाने तो शेरा बरोबर होता. पण वरिष्ठांना भेटून वाट काढता येते का, हे मी पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

वर्ग तरीही सुरू झाला. आमचे शिपाई मामा एक पैसा न घेता सातपर्यंत थांबत. सुरुवातीला अकरा मुले यायची, सप्टेंबरात चाळीस. डिसेंबरात मामांची ड्युटी बदलली, खोलीला सहा वाजता कुलूप लागू लागले आणि वर्ग बंद पडला. त्या चाळिसांपैकी पुढे किती गळले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मीही नाही, आणि हिशेब ठेवणे हे तर माझे काम होते.

पुण्याला हा विचार नवा नाही. वार लावून जेवणारी मुले या शहराने शिकवली. खेड्यातून आलेल्या मुलांची राहण्याजेवण्याची सोय व्हावी म्हणून डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. कॉलेजातच तासांवर काम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. तिच्या तासांवर शिकलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. राष्ट्रीय सेवा योजना तर 1969 पासून आहे. वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचे शिबिर. वारीच्या वेळी रस्त्यावर उतरणारी मुले पाहिली की अभिमान वाटतो. पण यातले बरेचसे काम परिपत्रकाने ठरते आणि वरून खाली येते. मुलाच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या कल्पनेला मात्र कुठलाच रकाना नसतो. परदेशातली काही विद्यापीठे अशा कल्पनांना छोटी अनुदाने देतात. अर्ज विद्यार्थी करतो, प्राध्यापक करतो, कार्यालयातला कर्मचारीही करतो.

आपल्याकडे ते करायचे तर रक्कम लहान ठेवावी, पाच ते पंचवीस हजार. अर्ज एका पानाचा, मराठीत चालणारा. अर्जदारांत एक विद्यार्थी आणि एक कर्मचारी असलाच पाहिजे, आणि त्या कर्मचाऱ्यांत शिपाई, ग्रंथालयातले मदतनीस, वसतिगृहाचे पहारेकरी सगळे धरावेत. कोणता मुलगा दोन दिवस जेवायला आला नाही, हे प्राचार्यांच्या आधी मेसमधल्या मावशींना कळते. कॉलेजच्या भिंतीपलीकडची वस्तीही यात यावी. तिथल्या दहावीच्या मुलांना बसायला जागा नसते आणि आमचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पैसे वेळेवर मिळावेत. अनुदान फेब्रुवारीत हातात पडते आणि 31 मार्चपूर्वी खर्च करून उपयोजिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यायचे असते. मग घाईघाईने वस्तू घेतल्या जातात, ज्यांची गरज जुलैत होती किंवा कधीच नव्हती. पहिल्या वर्षाचा मुलगा जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत टिकतो किंवा तुटतो. तेव्हा पैसे जुलैत हवेत.

पैसे खाल्ले जातील, असा आक्षेप येईल. आयुष्यभर व्हाउचर तपासलेला माणूस म्हणून सांगतो, पाच हजारांचा हिशेब ठेवणे अवघड नाही. कॉलेजकडे स्थायी अग्रिम, म्हणजे किरकोळ खर्चासाठी हाताशी ठेवायची आगाऊ रक्कम, द्यावा, पावत्या दोघांच्या सहीने घ्याव्यात आणि खर्चाचा कागद सूचना फलकावर लावावा. ज्या मुलांसाठी पैसे आले त्यांच्याइतकी कडक तपासणी दुसरे कोणी करणार नाही. काही कल्पना फसतील. फसल्या तर का फसल्या ते सगळ्यांसमोर सांगावे, म्हणजे पुढच्या वर्षीची मुले तीच चूक करणार नाहीत.

नवीन योजनेला वेळ लागणार असेल, तर निदान एक गोष्ट यंदाच करता येईल. ग्रंथालयात पुस्तके लावणे, बागेत राबणे यांचे तास जसे ‘कमवा व शिका’त मोजले जातात, तसे धाकट्या वर्गातल्या मुलांना संध्याकाळी शिकवण्याचेही मोजावेत. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजे या विद्यापीठाकडे आहेत. सुरगाण्याहून निघालेल्या मुलाला त्याचा लाभ पुण्यातही होईल आणि नाशकातही.

वर्ग बंद झाल्यावर त्या मुलाने तो तक्ता माझ्याकडे ठेवायला दिला. “पुढच्या वर्षी लागला तर,” म्हणाला. तो अजून माझ्या कपाटात गुंडाळून ठेवलेला आहे, निळी अक्षरे थोडी फिकट झाली आहेत. पुण्यातल्या कोणत्याही कॉलेजने संध्याकाळी एक खोली उघडी ठेवली तर तक्ता घेऊन येईन आणि वरच्या वर्गातली मुले तयार होईपर्यंत स्वतः शिकवीन. मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
कर्वेनगर, पुणे