वर्णभेद पासबुकातही होता

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. माँटगोमेरीचा बस बहिष्कार, मार्टिन ल्यूथर किंग, १९६४ चा नागरी हक्क कायदा हे सगळे त्यात आहे. पैशाची बाजू मात्र राहून गेली. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला नेमकी तीच आधी दिसते.

१८६५ मध्ये अमेरिकी संसदेने गुलामीतून सुटलेल्यांसाठी ‘फ्रीडमन्स बँक’ काढली. कायद्यावर सही लिंकन यांची. धुणी धुणाऱ्या बाया, मजूर, काळ्या पलटणींतले सैनिक यांनी पै-पै तिथे ठेवली. बँकेमागे सरकार उभे आहे, असाच त्यांचा समज होता आणि तो दूर करण्याची कोणाला घाई नव्हती. ठेवी सरकारी रोख्यांतच गुंतवायच्या, हा आधीचा नियम संसदेनेच १८७० मध्ये सैल केला. मग संचालकांनी ओळखीपाळखीत कर्जे वाटली आणि १८७३ च्या मंदीत ती थकली. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, तीही १८७३ मध्येच! बँक बुडायला आल्यावर स्वतः गुलामीतून सुटून काळ्यांचे पुढारी झालेले फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केले गेले. त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर घातले, पण जून १८७४ मध्ये टाळे लागलेच. सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. काहींना पुढे थोडेफार मिळाले, अनेकांना छदामही नाही.

हा जुना इतिहास म्हणून सोडून द्यावा, तर पुढे १९३४ पासून केंद्र सरकार घरकर्जांना विमा देऊ लागले (म्हणजे कर्ज थकले तर बँकेचे नुकसान सरकार भरून देई) आणि काळ्या वस्त्यांना त्यातून वगळले. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली गोऱ्यांसाठी घरे बांधणाऱ्या एका बिल्डरने शेजारच्या काळ्या वस्तीच्या बाजूने अर्धा मैल लांब भिंत बांधली, तेव्हा कुठे त्याच्या प्रकल्पाला हा विमा मिळाला. ती भिंत अजून उभी आहे.

बँका कर्ज देईनात म्हणून शिकागोत काळी कुटुंबे दलालांकडून दामदुपटीने, हप्त्यांवर घरे घेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. मधला एखादा चुकला, तरी घरही जाई आणि भरलेले पैसेही. १९६८ च्या अखेरीस नॉर्थ लॉनडेल भागातल्या लोकांनी मिळून हप्तेच थांबवले. घर रिकामे करायला आलेली शेरीफची (स्थानिक पोलीस अधिकाऱ्याची) माणसे सामान रस्त्यावर काढत, शेजारीपाजारी ते उचलून परत आत नेत. कोर्टात या लोकांची डाळ शिजली नाही. तरी शेकडो करार दलालांना नव्याने, कमी किमतीत करून द्यावे लागले. वसुलीची बाजू सांभाळलेल्या माझ्यासारख्याला हप्ते थांबवण्याचे कौतुक वाटावे, हे जरा विचित्रच, पण वाटते खरे.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास शिकागोच्या या हप्तेबंदीला त्यात जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा