देवगडचे नाव, नकली पेट्या आणि कलम 50

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या हंगामात पुण्यात रस्त्यालगतच्या एका स्टॉलवर ‘देवगड हापूस’ असे ठळक छापलेली पेटी उघडून पाहिली. पेंढ्याखाली कन्नड वृत्तपत्राचा कागद अंथरलेला होता आणि फळाची साल बोटाला जाड लागत होती. देवगड तालुक्यात आयुष्यभर आंब्याची बाग केलेल्या माझ्यासारख्याला याहून वेगळा पुरावा नको होता. ‘माल पेटीबंदच येतो’, एवढेच विक्रेत्याने सांगितले. कर्नाटकच्या आंब्याशी माझे वैर नाही. तोही कुणाच्या तरी घामावरच पिकतो आणि त्याच्या स्वतःच्या नावाने त्याला चांगला भाव मिळावा. आक्षेप आहे तो आमचे नाव लावून, आमच्या दराने तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याला.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचे कायदेशीर संरक्षण, मिळाले. यासंबंधीच्या 1999 च्या कायद्यानुसार मालाला खोटे मानांकन लावणे आणि तसा माल विकणे या दोन्ही गुन्ह्यांना सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्रही आहे. परंतु कलम 50 नुसार वॉरंटशिवाय झडती व जप्ती करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा समकक्ष आणि त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच असून, त्यानेही झडतीपूर्वी मानांकनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकांचे मत घेतले पाहिजे आणि ते पाळले पाहिजे. भौगोलिक मानांकनाचे नोंदणी कार्यालय चेन्नईत आहे. मी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी हीच अडचण समजावून सांगितली. तयार झालेला आंबा काही दिवसांत खाल्ला तरी जातो, नाहीतर नासतो. मग चेन्नईहून मत येईपर्यंत पोलिसांनी जप्त तरी काय करायचे?

यावर कायदा बदलण्याचीही गरज नाही. निबंधकांची कामे त्यांच्या देखरेखीखाली पार पाडण्यासाठी इतर अधिकारी नेमण्याची मुभा केंद्र सरकारला याच कायद्याच्या कलम 3 ने दिली आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांसाठी मुंबईत असा एक अधिकारी बसवून चोवीस तासांत मत देण्याची व्यवस्था केली, तर वाशीच्या घाऊक बाजारातच कारवाई होऊ शकेल. राज्य सरकारने त्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा, आणि तोही हंगाम तोंडावर आल्यावर नव्हे, तर मोहोर येण्याआधी.

अर्थात थोडा दोष आमचाही आहे. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी न केलेले बागायतदार अजून पुष्कळ आहेत आणि नोंदणीशिवाय न्यायालयात आपला हक्क सांगणे अवघड जाते.

शेवटी, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आमच्या गावांची नावे छापलेल्या कोऱ्या पेट्या कुणीही विकत घेऊ शकतो. खोटे मानांकन छापण्यासाठी ठसा, ब्लॉक किंवा यंत्र बाळगणे हाही कलम 39 खाली गुन्हाच आहे. आंबा नासतो, पण छापखान्यातला ठसा आणि कोऱ्या पेट्यांची चळत वर्षभर जागेवर असते. निबंधकांचे मत सावकाश आले तरी तिथे धाड घालता येईल, आणि त्यासाठी हंगामाची वाट पाहावी लागणार नाही.

आपला,
एक आंबा बागायतदार,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग