भराव न टाकता लव्हाळा लावायला शिकवणाऱ्या माळीकाकांचे आभार

माळीकाका, सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या पाण्याचे पाइप सोसायटीच्या ज्या कोपऱ्यात उतरतात, तिथे भराव टाकायला तुम्ही ठाम नकार दिलात आणि त्या जागी लव्हाळा लावायला शिकवलंत. त्याबद्दल बागसमितीकडून मनापासून आभार.

आधी तुम्ही काडी ओळखायला शिकवलंत. चिमटीत धरून फिरवली की तीन धारा बोटाला लागतात, तो लव्हाळा. गवताची काडी गोल आणि पेरांची. पण तीनधारी दिसला म्हणून कुठलाही लावायचा नाही. नागरमोथा मातीखाली गाठींची माळ करतो, एक गाठ राहिली तरी पुन्हा उगवतो. नर्सरीतला अंब्रेला पाम नावाने पाम, पण तोही लव्हाळाच, आणि मूळचा आफ्रिकेकडचा. म्हणून खोलगट भागात उंच सायपेरस एक्झाल्टाटस आणि काठाला ठेंगणा फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमा, दोन्ही आपल्याकडचेच. राष्ट्रीय उद्यानातून मात्र एकही रोप उपटायचं नाही, हे तुम्ही बजावलंत ते फार बरं केलंत.

लागवड जूनच्या दमदार सरींनंतर. ठोंब फोडताना प्रत्येक तुकड्याला मुळांसकट तीन-चार फुटवे हवेत. उंच जातीत दोन फुटांचं अंतर, म्हणजे दहा बाय दहा फुटांना पंचवीस ठोंब, ठेंगणीत वीतभर. बुंधा मातीबरोबर ठेवायचा, चिखलात गाडला तर कुजतो. पानं वीतभर ठेवूनच छाटायची. त्याचं कारण तुम्ही काडी आडवी कापून दाखवलंत: आतला गाभा स्पंजासारखा, त्यातून हवा मुळांपर्यंत उतरते. छाटलेली टोकं जुलैच्या पाण्यात बुडून राहिली की नव्या ठोंबाची मुळं गुदमरतात.

ओल्या जागी ताजं शेण नको. ते हवेविना सडतं, मातीला सडक्या अंड्याचा वास येतो आणि मुळं काळी पडतात. पाइपाखाली गोटे अंथरायचे, नाहीतर धार माती उकरते. आठवडाभर पाणी साचलं तर डास होतात, म्हणून बांधाची एक वीट काढून तीन दिवसांत पाणी उतरेल अशी वाट ठेवली आहे.

दिवाळीनंतर माती सुकू न देता पाणी घालतो. तुरे तसेच ठेवले आहेत, बी खायला मुनिया येतात. ठोंब दाटले की हवे तेवढे फोडून न्या, काका.

तुमचे,
बागसमिती सदस्य, मुंबई