पैसे भरायच्या आधी

चि. शलाका,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी नीट बोलून नाही राहिली. लेख छापून येणार म्हणून पोरगी आनंदानं सांगत होती आणि तुम्ही आधी पैशाचं काढलं, म्हणते. काढलं. अजून विचारतो, लेख छापायचे ते साडेचार हजार भरलेस का? नसशील तर थांब.

लेख पाठवला आणि तिसऱ्या दिवशी ‘स्वीकृत’ म्हणून मेल आला. बावीस पानं एवढ्यात वाचली कोणी? नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्यात आम्ही लग्नाच्या पत्रिकेचंसुद्धा दोनदा प्रूफ काढायचो. जाणकार वाचतो तेव्हा छळतो. एवढ्याच मुलींना काहून विचारलं, हा आकडा कुठून आला, आधी कोणी यावर लिहिलं ते पाहिलं का. त्यात महिने जातात. हे तुलाच ठाऊक आहे. ग्रंथालयशास्त्राच्या एम.लिब.ला असताना जेवता जेवता तूच सांगितलं होतंस त्या जेफ्री बीलचं. कोलोरॅडोचा ग्रंथपाल, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची यादी ठेवायचा आणि २०१७ मध्ये ती त्यानं काढून टाकली. किती तावातावानं बोलली होतीस! भाजी गार झाली होती.

गुड्डूला बसवून त्या नियतकालिकाची साइट पाहिली. आयएसएसएन आहे, म्हणालीस. तो नियतकालिकाच्या ओळखीचा नंबर. तो देताना आतला मजकूर कोणी तपासत नाही. भूगोल, आयुर्वेद, वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र, सगळं एकाच अंकात. पत्त्याच्या जागी नुसता मोबाइल नंबर. ‘यूजीसी केअर’चा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीचा शिक्का अजून मिरवून राहिले, ती यादी यूजीसीनंच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता पारख ज्याची त्यानं करायची. प्रमोशनची घाई मला समजते, पण फाइलला लागलेला असा लेख पुढे कोणी उघडून पाहिला तर नाव तुझं जाईल. त्यांचं काय जाते?

नावावरून आठवलं. तू पहिलीत असशील. शाळा सुटली की छापखान्यात यायचीस. एकदा मी तुझं नाव छपाईच्या अक्षरांच्या मोठ्या खिळ्यांत जुळवून दिलं, तर म्हणालीस, बाबा, हे उलटं आहे. शाई लावून कागदावर दाबलं तेव्हा पटलं. फ्रॉकवर डाग पडला म्हणून आजीनं मलाच बोलणी घातली. पुढे संगणकावरचं डीटीपी आलं आणि ते सगळे खिळे भंगारात किलोवर गेले. तुझ्या नावाचे पाच मी खिशात टाकले होते, ते अजून कपाटात आहेत. असो.

मला खरी खुटखुट दुसरीच आहे. लेखाचा विषय तू ‘डिजिटल युगातील ग्रंथालयांचे महत्त्व’ घेतलास. महत्त्व आहे, कोण नाही म्हणते? पण दिवाळीला तू जे सांगत होतीस ते कुठे गेलं? चार वाजले की तुझ्या कॉलेजच्या वाचनकक्षातल्या मुली उठतात, कारण गावाकडची शेवटची एसटी पकडायची असते, आणि संदर्भग्रंथ घरी मिळत नाहीत. हे तुझ्या काउंटरवरून दिसते, गोंदियात बसून तुलाच दिसते. देवघेवीच्या नोंदी तुझ्या हाताशी आहेत. वर्षभराच्या काढ, कोणाचं नाव बाहेर येऊ देऊ नकोस, प्राचार्यांची लेखी परवानगी घे आणि मुलींना विचार. काही पुस्तकं रात्रीपुरती घरी देऊन बघ, काय फरक पडतो ते मांड. लेख त्यातून होतो.

पाहा, लागलो शिकवायला. आई दारातून बघून राहिली. कंपोझिटरनं ग्रंथपालाला संशोधन शिकवावं, हे जरा अतीच. रागावू नकोस. पण एवढं वाच. दिल्लीच्या डेसिडॉकचं, म्हणजे संरक्षण संशोधनाच्या माहिती केंद्राचं, ग्रंथालयशास्त्राचं नियतकालिक आहे, ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज’ आहे, दोन्हींचे अंक नेटवर फुकट वाचता येतात. दोनेक वर्षांचे चाळ, लोक प्रश्न कसा मांडतात ते बघ, मग ठरव कुठे पाठवायचं. एका वेळी एकाच ठिकाणी. नकार आला तर येऊ दे. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९२४ मध्ये गणिताची मास्तरकी सोडून मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले, ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचं त्यांचं पुस्तक निघालं १९३१ मध्ये. तुला तिसऱ्या दिवशी कशाला पाहिजे?

आपल्या घरात छापलेलं खूप आलं, लिहिलेलं कोणाचंच नव्हतं. मी शेजारच्या देशपांड्यांना आधीच सांगून बसलो की पोरीचा लेख येऊन राहिला. त्यांना काय सांगायचं ते मी बघतो.

शनिवारी विदर्भ एक्स्प्रेसनं ये. लेख कागदावर काढून आण, इंग्रजी असला तरी स्पेलिंगच्या चुका मला दिसतात. आणि लेख मागे घेते म्हणून त्या लोकांना आजच मेल टाक, त्याशिवाय दुसरीकडे पाठवता यायचा नाही. हक्कांच्या फॉर्मवर सही केली असशील तर त्याची प्रत आण. पैसे भरले असतील तर तसं सांग, मी ओरडणार नाही. मागे घ्यायचेही पैसे मागतील. ते मात्र देऊ नकोस.

तुझे,
बाबा